टाकाऊ मिळेल का टाकाऊ?

'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग ज्या गृहस्थाने प्रथम काढला, तो शहरात राहणारा आणि खाऊनपिऊन सुखी असला पाहिजे. कारण टाकाऊतून काही करायचे म्हणजे घरात आधी टाकाऊ वस्तू हवी. आमच्याकडे, अंतरवाली सराटीत, तिचीच टंचाई! चहाचा डबा मोकळा झाला म्हणजे शहरात त्याचे आयुष्य संपते. आमच्याकडे तो तेव्हा नोकरीला लागतो. आधी त्यात हळद, मग मेथीचे बी, झाकण गेले की खिळे-चुका, आणि बूड गेले की रोपट्याभोवती कुंपण म्हणून बढती. सेवानिवृत्त झालेला पत्र्याचा डबा मी अद्याप पाहिलेला नाही. माणसे होतात.

हे ज्ञान मला एका शुक्रवारी संध्याकाळी झाले. नातवाच्या शाळेतून सूनबाईच्या मोबाईलवर निरोप आला. (शाळेचे नाव सांगत नाही. पोराचे गुण अजून त्यांच्या हातात आहेत.) निरोपाचा मथळा 'टाकाऊतून टिकाऊ - प्रकल्प', विषय 'जायकवाडी धरणाची प्रतिकृती', मुदत सोमवार सकाळ. खाली साहित्याची यादी: थर्माकोलचे तक्ते दोन, निळा जिलेटिन कागद, कार्डशीट, आइस्क्रीमच्या काड्या पन्नास, ॲक्रिलिक रंग, चमकी, फेविकॉल, आणि झाडांसाठी हिरवा स्पंज. मी यादी दोनदा वाचली. तिच्यात टाकाऊ असे एकच काही दिसत होते, ते म्हणजे पालकांचे शनिवार-रविवार.

आइस्क्रीमच्या पन्नास काड्यांचेच बघा. टाकाऊ काड्या मिळवायच्या तर पन्नास कुल्फ्या खाल्ल्या पाहिजेत. नातवाची तयारी होती. त्याने ती ताबडतोब जाहीरही केली.

आमच्या गावाची ओळख करून द्यावी लागत नाही, हे एक बरे झाले आहे. पूर्वी जालन्याला गेलो आणि 'अंतरवालीचा' म्हटले की माणसे विचारीत, "कोणती? टेंभीची का?" अंतरवाली टेंभी घनसावंगी तालुक्यात, आमची सराटी अंबड तालुक्यात, हा फरक समजावण्यात माझी निम्मी हयात गेली. मग 2023 च्या ऑगस्टअखेर मनोज जरांगे पाटलांचे मराठा आरक्षणासाठी इथे उपोषण सुरू झाले, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि रातोरात साऱ्या महाराष्ट्राला गावाचे नाव पाठ झाले. मंत्री आले, दूरचित्रवाणीच्या गाड्या आल्या, माणसांचा तर पूरच लोटला. त्या दिवसांत मुंबईची बातमी अंतरवालीत तयार होई. पण निळा जिलेटिन कागद गावात तेव्हाही मिळत नव्हता आणि आताही मिळत नाही. कीर्तीचा आणि किराणा दुकानाचा संबंध नसतो.

शनिवारी सकाळी आम्ही दोघे आधी गावातल्या दुकानात गेलो.

"थर्माकोल आहे का रे?"

"आबा, त्याला बंदी हाय ना!" दुकानदार कानाला हात लावून म्हणाला. "2018 पासून. कामून बोलता असं?"

त्याचे बरोबर होते. 2018 साली महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकबरोबर शोभेच्या थर्माकोलवरही बंदी घातली. गणपतीची मखरेसुद्धा त्यामुळे पुठ्ठ्याची झाली. तो कायद्याला इतका धरून आहे हे पाहून मला भरून आले. त्याच्या मागे दुसऱ्या एका बंदी असलेल्या वस्तूच्या पुड्या तोरणासारख्या लटकत होत्या. पण ती बंदी 2012 ची, म्हणजे जुनी झाली होती.

तिथून वडीगोद्रीला. वडीगोद्री म्हणजे आमचे मुंबई-पुणे. धुळे-सोलापूर हमरस्त्यावरचे गाव. तिथे मिळत नाही ती वस्तू अस्तित्वात नाही असे आमच्याकडे मानतात. तिथला दुकानदार झेरॉक्स काढतो, मोबाईलमध्ये पैसे भरतो, वह्या विकतो आणि लग्नाच्या पत्रिकाही छापून आणतो. त्याने यादीकडे पाहिलेसुद्धा नाही.

"कितवीत हाय पोरगं? चौथी? मग धरण असंल. तयार येतं ना आबा, कशाला ताप घेता? जालन्याहून मागवतो. धरण साडेसातशे. ज्वालामुखी हजार."

"ज्वालामुखी महाग का?"

"धूर निघतो ना!"

पूर्वी 'जालना सोने का पालना' अशी म्हण होती. त्या जालन्यात आता पोलादाच्या गिरण्या आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत आणि चौथीच्या पोरांची धरणेही तयार होतात, हे मला नवीन होते. दुकानदाराने मोबाईलवर चित्र दाखवले. पांढरेशुभ्र धरण, खाली निळे चकचकीत पाणी, कडेला हिरव्या स्पंजची झाडे आणि पाण्यात, काही कारण नसताना, दोन बदके. नातू त्या चित्राकडे असा बघत राहिला, की मी खिशात हात घातला. पण तिथे साडेसातशे नव्हते. मोसंबीचा पट्टा आहे म्हणून आमच्या खिशात नोटांचा बहार असतो असा बाहेरच्यांचा समज असतो. बहार झाडाला येतो, खिशापर्यंत यायला मधे व्यापारी असतो.

परत येताना तो मागच्या सीटवरून म्हणाला, "आबा, वर्गातल्या चौघांनी तेच मागवलं. आपलं हाताचं पाहून हसतेन का?"

मी म्हटले, "हसू दे." पण मोटारसायकलवर मागे बसलेल्याला पुढच्याचे तोंड दिसत नाही, ही एक चांगली सोय आहे.

दुपारपासून घरात मोकळ्या खोक्याचा शोध सुरू झाला. हा शोध ज्याने घेतला नसेल त्याला आपले घर ठाऊक नाही असे समजावे. कपाटावर बुटाचे एक खोके दिसले. ते उघडले तर आत सातबाऱ्याचे उतारे, कर्जाच्या पावत्या आणि माझ्या लग्नात आलेल्या आहेरांची यादी! ती यादी आमच्याकडे जपून ठेवावीच लागते. कोणी किती आणले होते यावरून त्यांच्या घरी किती न्यायचे ते ठरते. दुसरे खोके मिठाईचे. त्यात सुया, बटणे आणि घरातल्या तमाम चष्म्यांच्या काड्या. तिसरे मिक्सरचे, आत गव्हाच्या कुरडया. मग मिक्सर कुठे आहे? तो उघड्यावरच होता. त्याच्या खोक्याला त्याच्यापेक्षा महत्त्वाचे काम लागले होते. टीव्हीच्या खोक्यात गोधड्या. एका डब्यावर 'साखर' लिहिले होते, त्यात मीठ होते. हे का, ते विचारायचे नसते.

एवढ्यात नातवाला आठवले, की शेजाऱ्यांनी दिवाळीत फ्रिज घेतला. फ्रिज म्हणजे थर्माकोल आलाच! सामानाभोवती येणाऱ्या थर्माकोलला अजून घर सोडावे लागलेले नाही. आम्ही दोघे जवळजवळ पळतच गेलो. शेजारीणबाई अंगणात तूर पाखडीत होत्या. "हाय की थर्माकोल," त्या म्हणाल्या, "चांगलं मोठं हाय." आणि आम्हाला गोठ्यात घेऊन गेल्या. कोपऱ्यात फ्रिजच्या बुडाचे ते पांढरे खोके होते आणि त्यात भुसा घालून अकरा अंड्यांवर कोंबडी बसली होती. तिने आमच्याकडे बघून मान फुगवली.

"कधी मोकळं होईल?" मी विचारले.

"काल बसवली. एकवीस दिवस लागतेन."

सोमवारला दोन दिवस उरले होते. कोंबडीपाशी मुदतवाढ मिळते, मुदतकपात मिळत नाही.

तसे पाहिले तर मुलांच्या हस्तकामाला बाजाराची गरज नाही, हे आपल्याकडे थोरामोठ्यांनी सांगून ठेवले आहे. 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, तिच्यात हाताचे काम हाच शिक्षणाचा कणा होता. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला अनुताई वाघांना बरोबर घेऊन ग्रामीण मुलांसाठी बालवाड्या सुरू केल्या. माँटेसोरीबाईंची महागडी साधने परवडणार नाहीत म्हणून त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे ही साधने केली. पुढे अरविंद गुप्ता या इंजिनियर माणसाने आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी एवढ्यावर साऱ्या भूमितीचे सांगाडे उभे करून दाखवले. मीही ती व्हॉल्वची नळी एकदा मागायला गेलो होतो. सायकलवाल्याने माझ्याकडे कीव येऊन पाहिले. त्याचे दुकान केव्हाच मोटारसायकलचे झाले होते.

संध्याकाळी आम्ही ओट्यावर हात हलवीत बसलो होतो, तेव्हा आमची आई बाहेर आली. तिला पंचाहत्तरी उलटून गेली. नातू तिला मोठी आई म्हणतो.

"काय हुडकू राहिले रे सकाळधरनं? घर पालथं घातलं सारं."

"मोठी आई, थर्माकोल पायजे. धरण करायचंय. जायकवाडीचं."

"ते कशाचं असतं?"

"पांढरं असतं. हलकं. फ्रिजच्या खोक्यात येतं."

आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आरं, धरण मातीचं हाय. गाढवं, माणसं, मशिनी लावून माती टाकलेली पाह्यली ना मी. फ्रिजच्या खोक्यातून कुठून काढलं तुह्या मास्तरनं?"

आणि खरोखर, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातच नव्हते! जायकवाडी हे मातीचे धरण आहे. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, 1976 साली काम पुरे झाले, लांबी सुमारे दहा किलोमीटर, आणि सांडव्याचा भाग सोडला तर सगळी मातीची भिंत. पोटात पाणी न सोडणारी चिकण काळी माती, अंगावर मुरूम, पाण्याच्या बाजूने दगडांची फरसबंदी. काळी माती आमच्या दारात आहे, मुरूम रस्त्यावर आहे, खडे तांदळातसुद्धा आहेत. साडेसातशे रुपये कशाचे, तर या तीन वस्तू नसल्याचे.

पण करायचे कशात? तिथे पुन्हा खोक्याचा प्रश्न आलाच. आई आत गेली आणि तिची काठवट घेऊन आली. जुनी, लाकडी, मोठ्या घेराची. एका बाजूने चिरलेली. भाकरीचे पीठ मळायला आता परात आहे, म्हणून काठवटीत लसूण ठेवलेला होता. तिने तो ओट्यावर ओतला. घरातली एक वस्तू मोकळी होताना मी त्या दिवशी प्रथमच पाहिली.

ही काठवट तिच्या लग्नात माहेराहून आली. माहेर गंगथडीचे. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. गाव पैठणच्या वरच्या अंगाला होते; नाव सांगून उपयोग नाही, तिथे जाणारी एसटी आता नाही. धरण भरले तेव्हा जी गावे उठली त्यांत ते उठले. नाथसागर म्हणून आपण जो म्हणतो, बायकापोरे घेऊन बघायला जातो, त्याच्या तळाशी कुठेतरी ते आहे. मी लहान होतो; मामाच्या गावाला जायचे म्हणून रडल्याचे मला अंधुक आठवते. दुसरीकडे वसवलेल्या नव्या गावाला पुढे आम्ही जात होतो, पण आई त्याला 'भावाचं घर' म्हणे, माहेर म्हणत नसे. तिकडे धरणाच्या डाव्या कालव्याने आमच्या तालुक्यात ऊस आणला, मोसंबी जगवली. त्या कालव्याच्या पाटपाळीवरून आमच्या घरात मी आयुष्यभर बोललो आहे. आई त्यावर काही बोलल्याचे मला आठवत नाही.

रविवारी सकाळी काम सुरू झाले. मुख्य अभियंता आई, मी मजूर, नातू पर्यवेक्षक. मी काळी माती कालवून एकदम ढीग रचायला घेतला, तर तिने हातावर मारले.

"असं नाही. बोटभर थर दे. पाणी शिंपड. चोप. मग दुसरा."

"तुला कसं माहीत?"

"बहात्तरला काय केलं मग?"

1972 च्या दुष्काळात सरकारने कामे काढली होती. खडी फोडणे, नालाबंडिंग, पाझर तलाव. आई नाल्याच्या बांधावर माती टाकायला होती. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो. मुकादम थरावर पाणी मारून धुम्मस चालवायला लावी, हे तिला पन्नास वर्षांनंतरही मुखपाठ होते. अभियांत्रिकी महाविद्यालयात यालाच मोठे नाव आहे आणि चार वर्षे लागतात.

काठवटीला चीर होती, तेव्हा पाणी टिकायला खाली काही अंथरणे आले. फ्लेक्सचा तुकडा सापडला. आमच्या भागात दुसरे काही नसले तरी फ्लेक्स असतो. कोणाचा तरी वाढदिवस होऊन गेलेलाच असतो. या तुकड्यावर निळे आकाश होते, म्हणजे जिलेटिन कागदाची सोय झाली. अडचण एवढीच, की आकाशाच्या एका कोपऱ्यात शुभेच्छुकाचा अर्धा चेहरा होता. मिशीवर आम्ही मुरूम टाकला. कालव्यांसाठी मोसंबीच्या बागेतली ठिबकची जुनी नळी कापली. डावा कालवा लांब, उजवा आखूड, खऱ्यासारखाच. सांडव्याला विटेचा तुकडा. दरवाजे सत्तावीसच पाहिजेत असा पर्यवेक्षकांचा हट्ट होता, कारण पुस्तकात सत्तावीस आहेत. ज्वारीच्या कडब्याची चिपाडे सोलून मी सत्तावीस दरवाजे केले. लहानपणी या चिपाडांची आणि आतल्या भेंडाची आम्ही बैलगाडी करीत असू. चाके, जू, सगळे. बोटांना ते आठवत होते. डिंक बाभळीचा. फेविकॉलची गरज पडली नाही, त्यामुळे फेविकॉलवाल्यांचे काही नुकसान झाले असेल तर होवो.

दुपारी उन्हाने भिंतीला तडे गेले. काळी माती ती, वाळली की भेगाळणारच. नातू रडायच्या बेतात आला. आईने शेण आणि बारीक भुसा मळून भेगा भरल्या, वर ओले बारदान टाकले आणि म्हणाली, "रातभर झाकून ठेव. धरणाला ऊन लागू देऊ नये." खऱ्या धरणाला हे कसे लागू करावे ते मला कळेना.

संध्याकाळी बारदान काढले. भिंत काळीभोर आणि टणक झाली होती. नातवाने तांब्या भरून आणला. तेवढ्यात आईने घरातून मूठभर ज्वारी आणली, काठवटीच्या तळाला निळ्या फ्लेक्सवर चिमूटभर ओली माती थापली आणि तिच्यात एकेक दाणा दाबून बसवू लागली.

"हे काय मोठी आई?"

"ही वेस. हा मारुती. हे पाटलाचं. ही कुंभाराची आळी. हे आमचं घर, अन् त्याच्या मागं चिंच व्हती."

चिंचेसाठी तिने दाणा शोधला, मग तुरीचा एक घेतला.

"आता पाणी सोडू?" नातवाने विचारले. तांब्या तिरका झालेलाच होता.

"थांब जरा," ती म्हणाली. पदराने हात पुसले, पुन्हा एकदा बघितले. "सोड. ते कुठं थांबायलंय."

भिंत एक थेंब गळली नाही. सत्तावीसपैकी तीन दरवाजे उघडले तेव्हा विटेवरून पाणी असे सुंदर पडले, की मी सूनबाईला बोलावून दाखवले.

सोमवारी काठवट मांडीवर घेऊन नातू माझ्यामागे बसला आणि आम्ही दहाच्या वेगाने शाळेत गेलो. पुढचा वृत्तांत त्याच्याकडून कळला तो असा. टेबलावर चार पांढरी धरणे ओळीने होती, सारखी, बदकांसकट, आणि चारींवर 'जायकवडी' असे काना खाऊन लिहिलेले होते. सरांनी आमच्या धरणाला बोट लावून पाहिले आणि विचारले, "थर्माकोल का नाही वापरलं?" नातू म्हणाला, "सर, खरं धरण मातीचंच आहे." सर थोडा वेळ मोबाईलमध्ये बघत होते. मग त्यांनी पाणी सोडून दाखवायला सांगितले, आणि मग पुन्हा एकदा सांगितले. वीसपैकी सतरा गुण मिळाले. तीन नीटनेटकेपणाचे गेले. मुरूम पावसाने वाहून गेल्यासारखा थोडा सरकला आणि अर्धी मिशी वर आली, त्याचे.

पाणी चिरेतून हळूहळू झिरपून गेले. काठवट प्रदर्शनात खिडकीपाशी ठेवली होती. पाचव्या दिवशी नातू दप्तर न उतरवता धावत आत आला.

"मोठी आई, तुझ्या गावाला कोंब आले!"

आई निवडत होती ते सूप तिने बाजूला ठेवले. "कोणकोणतं घर उगवलं?" तिने विचारले.

"मारुती सोडून सगळी. चिंच पण."

आई पुढच्या शनिवारी माझ्यामागे मोटारसायकलवर बसून शाळेत गेली. शाळेची पायरी ती जन्मात पहिल्यांदाच चढली.

एकविसाव्या दिवशी सकाळीच शेजारीणबाई थर्माकोलचे ते खोके घेऊन आल्या. अकरापैकी नऊ पिल्ले निघाली होती. "घ्या आबा, मोकळं झालं," त्या म्हणाल्या, "पोराचं धरण अडलं असंल." मी काही बोलायच्या आत आईने ते हातात घेतले, उलटे करून पिसे झटकली, आणि ओट्यावरचा लसूण त्यात भरला.